चुकलेल्या विमानांचा हिशेब

अमेरिकेच्या सीबीएस वाहिनीवर ५ सप्टेंबर २००१ रोजी सुरू झालेली ‘द अमेझिंग रेस’ ही स्पर्धा वरवर पाहता धावण्याची, ओझी उचलण्याची आणि अनोळखी शहरांत वाट शोधण्याची असली, तरी तिचा खरा निकाल पुष्कळदा विमानतळांवरच्या तिकीट खिडक्यांपुढे लागतो. दोन-दोन स्पर्धकांच्या जोड्या टप्प्याटप्प्याने पृथ्वीप्रदक्षिणा करतात. प्रत्येक टप्पा ‘पिट स्टॉप’ नावाच्या विश्रांतीच्या ठिकाणी संपतो. तेथे सूत्रसंचालक फिल कोगन उभे असतात, आणि सर्वांत शेवटी पोहोचणाऱ्या जोडीला बहुतेक वेळा घरी जावे लागते. दहा लाख डॉलरांच्या पारितोषिकासाठी चाललेल्या या प्रवासात विमानाची तिकिटे जोड्यांनी साध्या वर्गाचीच घ्यायची असतात आणि विमान कोणते हेही पुष्कळदा त्यांनीच शोधायचे असते. ही शोधाशोध पडद्यावर जेमतेम मिनिटभर दिसते. परंतु या स्पर्धेचा एक प्रेक्षकवर्ग असा आहे की तो त्या मिनिटभराच्या दृश्यापाशीच थांबतो, विमान कंपन्यांची वेळापत्रके उघडतो आणि कोणती जोडी कोणत्या विमानाने, कोठे उतरून, किती वेळ थांबून आली असेल याची जुळणी करत बसतो.

या जुळणीचा गाभा म्हणजे कनेक्शन, अर्थात एका विमानातून उतरून दुसरे विमान पकडण्याची संधी. मोठ्या कंपन्या आपली विमाने एका मध्यवर्ती विमानतळाभोवती फिरवतात. चहूकडून आलेली विमाने तेथे थोड्या अवधीत उतरतात, प्रवाशांची अदलाबदल होते आणि ती पुन्हा चहूकडे निघतात. प्रत्येक विमानतळासाठी ‘किमान जोडवेळ’ ठरलेली असते, म्हणजे दोन विमानांमध्ये एवढे अंतर नसेल तर एकत्रित तिकीट दिलेच जात नाही. ही वेळ एका ठिकाणी पाऊण तास तर दुसरीकडे दोन तास असू शकते, आणि त्यामुळे नकाशावर जवळचा दिसणारा मार्ग घड्याळात लांबचा ठरतो. शिवाय वेळापत्रकातल्या सगळ्या वेळा त्या-त्या गावच्या असतात. भारताचे घड्याळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे, नेपाळचे पावणेसहा तास, आणि प्रशांत महासागरात आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली की तारीखच बदलते. वर्षातून दोनदा, मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, जगभरची विमान वेळापत्रके उन्हाळी-हिवाळी अशी बदलतात, म्हणून चित्रीकरण कोणत्या आठवड्यात झाले असावे हे ठरवल्याशिवाय हिशेबाला सुरुवातच करता येत नाही.

पुरावे मिळतात ते तुकड्यांनी. क्षणभर दिसलेला प्रस्थानाचा फलक, विमानाच्या शेपटीवरचा रंग, काचेबाहेरचा उजेड सकाळचा की संध्याकाळचा, बॅगेला बांधलेल्या चिठ्ठीवरची विमानतळाची तीन अक्षरे. तीन भिन्न जोड्यांच्या संवादांतून निसटलेल्या वेळा एकाखाली एक मांडल्या की कधी एखादे विमान निश्चित होते, कधी दोन शक्यता उरतात, आणि दोहोंपैकी एक बाद करण्यासाठी पुन्हा तो भाग पाहावा लागतो. ही चिकाटी क्षुल्लक गोष्टीवर खर्च होते असे ज्यांना वाटते, त्यांनी ताम्रपटातील तिथी आणि वार यांचा मेळ घालणाऱ्या अभ्यासकाकडे पाहावे. तुटपुंज्या खुणांवरून काळ पुन्हा उभा करण्याची ओढ दोन्हीकडे एकच आहे.

या ओढीला दूरदर्शन संचापेक्षा जुना इतिहास आहे. १८८९ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या ‘वर्ल्ड’ या वृत्तपत्राने नेली ब्लाय या आपल्या वार्ताहर स्त्रीला ज्यूल व्हर्नच्या कादंबरीतील ऐंशी दिवसांहून कमी वेळात पृथ्वीप्रदक्षिणा करण्यासाठी पाठवले, आणि ती किती दिवस, तास, मिनिटे व सेकंदांत परतेल हे ओळखण्याची स्पर्धा वाचकांसाठी जाहीर केली. वाचकांची जवळजवळ दहा लाख उत्तरे आली. त्यांतील पुष्कळ नुसत्या अंदाजाची असणार. परंतु ज्यांनी आगबोटींच्या आणि टपालगाड्यांच्या वेळा समोर ठेवून उत्तर काढले असेल, ते आजच्या चाहत्यांचे थेट पूर्वज होत. ब्लाय ब्रिंडिसीहून कोलंबोला पोहोचली आणि पुढच्या जोडबोटीसाठी तिला तेथे पाच दिवस अडकून पडावे लागले. हाँगकाँगलाही असाच खोळंबा झाला. तरीही ७२ दिवस आणि काही तासांत ती परतली. त्याच दिवशी तिच्याशी शर्यत म्हणून उलट दिशेने निघालेल्या एलिझाबेथ बिसलँड या दुसऱ्या वार्ताहर स्त्रीला युरोपात जलद जर्मन जहाज निघून गेल्याचे सांगण्यात आले, आयर्लंडहून एका संथ बोटीने अटलांटिक ओलांडावा लागला आणि तिला चारेक दिवस अधिक लागले. बिसलँड धैर्यात किंवा हुशारीत कोठेही कमी नव्हती; कमी पडली ती एक बोट.

चाहत्यांच्या हिशेबाचे मोल कळते ते येथे. दूरचित्रवाणीच्या संकलनाला, म्हणजे शेकडो तासांच्या चित्रणातून एका भागाची कथा बेतण्याच्या कामाला, पराभवाचे कारण माणसाच्या स्वभावात सापडावे लागते. जोडी भांडली म्हणून हरली, नवऱ्याने बायकोचे ऐकले नाही म्हणून हरली, घाबरली म्हणून हरली, असे दाखवले की भाग पुरा होतो आणि प्रेक्षकालाही निकाल न्याय्य वाटतो. वेळापत्रक मात्र पुष्कळदा वेगळे सांगते. ज्या जोडीला शेवटच्या कामात दहा मिनिटे जास्त लागलेली दिसतात, ती मुळात चार तास उशिरा त्या शहरात उतरलेली असते. आणि त्या चार तासांचे कारण असे की आदल्या रात्री खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने एकाच कंपनीची विमाने तपासली, शेजारच्या खिडकीवर दुसऱ्या जोडीसाठी कोणीतरी दोन कंपन्यांची विमाने जोडून पाहिली. पडद्यावरचे भांडण हरण्याच्या आधीचे दिसते, पण हिशेब मांडल्यावर ते हरल्यानंतरचे ठरते, कारण दमलेली माणसे आपण मागे पडलो आहोत हे जाणून भांडत असतात. कोणी न विचारता, कोणत्याही मोबदल्याविना, एका अनोळखी जोडीवरचा आळशीपणाचा किंवा बावळटपणाचा ठपका पुसण्यासाठी रात्रभर विमानांच्या वेळा ताडून पाहणे ही मोठी माणुसकी आहे, आणि तिला केवळ छंद म्हणणे अपुरे आहे.

निर्मात्यांनाही या अंतरांची जाणीव असते. म्हणूनच पुढचा संकेत एखाद्या संग्रहालयात किंवा उद्यानात ठेवला जातो, जे सकाळी ठराविक वेळीच उघडते. रात्री पुढे-मागे पोहोचलेल्या साऱ्या जोड्या त्या बंद दारापुढे एकत्र येतात आणि रात्रीत मिळवलेली आघाडी विरून जाते. पहिल्या पर्वात ही समानता पुरती साधली नव्हती. न्यूयॉर्कमध्ये विजेते अंतिम रेषेवर पोहोचले तेव्हा तिसरी जोडी अजून अलास्कातच होती. एवढे अंतर पायांनी पडत नाही.

२००३ मध्ये प्रसारित झालेल्या चौथ्या पर्वात जोड्या नेदरलँड्सहून मुंबईला आल्या होत्या. युरोपहून येणारी पुष्कळ विमाने मध्यरात्री का उतरतात, हे सहार विमानतळावर रात्री दोन वाजता आप्तांची वाट पाहणाऱ्या मराठी कुटुंबांना अनुभवाने ठाऊक असले तरी त्यामागचे गणित फारसे सांगितले जात नाही. सकाळी उशिरा निघालेले विमान आठ-नऊ तास उडते, त्यात हिवाळ्यातील साडेचार तासांचा कालभेद मिळतो, आणि ते येथे मध्यरात्रीच्या आसपास पोहोचते. येथून दोनेक तासांत परत फिरले की पहाटे युरोपच्या मध्यवर्ती विमानतळावर उतरते, म्हणजे त्यातील प्रवाशांना सकाळी सुटणारी सारी कनेक्शने मिळतात. मुंबईची अपरात्र ही अशी दुसऱ्या खंडातील सकाळच्या सोयीसाठी ठरलेली आहे. स्पर्धकांच्या विमानाचा माग काढताना हे सहज उलगडते आणि घड्याळामागची जगाची रचना, तिच्यातील असमानतेसह, डोळ्यांपुढे येते.

अर्थात छापील वेळेला अपवाद असतात, आणि अस्सल चाहता त्या अपवादांवर रागावत नाही. २००५ च्या सातव्या पर्वाच्या अंतिम टप्प्यात एका विमानाचे दार बंद झाले होते, प्रवाशांना विमानात नेणारा सरकता पूल मागे घेतला गेला होता. तरीही तो पुन्हा विमानाला जोडला गेला, खोळंबलेली जोडी आत शिरली आणि पुढे तीच विजयी झाली. या निर्णयाची नोंद कोणत्याही वेळापत्रकात सापडणार नाही. तेथे हिशेब थांबतो, आणि कर्मचाऱ्यांच्या मनात आलेल्या क्षणाच्या दयेला मोजमापाबाहेरची जागा द्यावी लागते. ही जागा जो मोकळी ठेवतो त्याचाच हिशेब विश्वासार्ह मानावा.

महासाथीने ही सारी विद्याच काही काळ निरुपयोगी केली. तेहतिसाव्या पर्वाचे चित्रीकरण फेब्रुवारी २०२० मध्ये थांबले, सप्टेंबर २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाले, आणि त्यानंतर सर्व जोड्यांना भाड्याने घेतलेल्या एकाच स्वतंत्र विमानातून देशोदेशी नेण्यात आले. चौतिसाव्या पर्वातही हीच पद्धत राहिली. प्रकृतीच्या दृष्टीने तो निर्णय योग्यच होता. पण सर्व जण एकाच वेळी उतरू लागले तेव्हा खिडकीपुढची घालमेल संपली, आडवळणाच्या मार्गाने धाडस करून पुढे निघण्याची वाट बंद झाली, आणि स्पर्धा शहराशहरांतल्या कामांपुरती उरली. पृथ्वी एवढी मोठी असूनही लहान वाटू लागली. २०२३ च्या पस्तिसाव्या पर्वात जोड्या पुन्हा साध्या प्रवाशांच्या विमानांत, साध्या प्रवाशांच्या शेजारी बसल्या, आणि परक्या विमानतळावर एक तास पन्नास मिनिटांचे कनेक्शन पुरेल का, हा प्रश्न वेळापत्रक हाती घेऊन पुन्हा विचारता येऊ लागला.