आजोबांची मोटार आणि पसरणीचा घाट

वाई ज्यांनीं पाहिली आहे त्यांस कृष्णेचे घाट, सरदार रास्त्यांनीं १७६२ सालीं बांधलेलें ढोल्या गणपतीचें देऊळ आणि पश्चिमेकडे उभा असलेला पांचगणीचा डोंगर यांचें वर्णन सांगावयास नको. त्या घाटांपासून हांकेच्या अंतरावर आमचा वाडा आहे. वाड्याच्या मागल्या पडवींत, मोडक्या पाळण्यांच्या आणि सरपणाच्या आड, आमच्या आजोबांची ‘मॉरिस एट’ मोटार जवळजवळ साठ वर्षें उभी होती. आजोबा वाईंत डॉक्टर होते. ही मोटार त्यांनीं १९३७ सालीं घेतली आणि १९६६ सालीं ते वारले, तेव्हांपासून तिचें चाक फिरलें नाहीं.

गेल्या वर्षीं वाड्याच्या वांटण्यांचें बोलणें निघालें. भांडीं, कपाटें, जमिनी, सर्वांची यादी झाली. मोटारीपुढें मात्र ‘सामाईक’ असा शेरा पडला. म्हणजे ती कोणाचीच नव्हती. माझ्या धाकट्या चुलतबंधूनें मुंबईचें एक गिऱ्हाईक आणलें. आहे त्या स्थितींत मोटार उचलून नेण्याची त्याची तयारी होती. कृष्णाबाईच्या उत्सवासाठीं सर्व मंडळी जमली असतां हा विषय निघाला, तेव्हां सत्त्याऐंशी वर्षांच्या आत्याबाई माजघरांतून म्हणाल्या, “विकायची तर विका बापडे. पण त्याआधीं एकदां तिच्यांतून मला पांचगणीला न्या.”

आत्याबाई १९४६ नंतर तो घाट चढल्या नव्हत्या, हें आम्हां सर्वांस ठाऊक होतें. कां, हें विचारण्याचें धैर्य कोणी केलें नव्हतें. सौदा पुढें ढकलण्यांत आला.

सातारचे एक वृद्ध मिस्त्री आम्हीं बोलावून आणले. नवी बॅटरी जोडावी आणि मोटार सुरू करावी, अशी आमची भाबडी कल्पना होती. मिस्त्रींनीं ती तत्काळ मोडून काढली. उभ्या यंत्राची झीज होत नाहीं असें आपण समजतों. पण चालती मोटार झिजते, तर उभी मोटार कुजते. पिस्टनच्या कड्या गंजून सिलिंडरला चिकटतात. अशा वेळीं जोर केला तर जें नुसतें अडलेलें असतें तें मोडतें. म्हणून मिस्त्रींनीं चारहि प्लग काढले, प्रत्येक सिलिंडरमध्यें पातळ तेल सोडलें आणि आठ दिवस कोणीं हात लावूं नये अशी ताकीद दिली. नवव्या दिवशीं त्यांनीं पुढचें हँडल हलक्या हातानें दाबून पाहिलें. तें वीतभर फिरलें. त्यांनीं पुन्हां तेल सोडलें आणि पुन्हां चार दिवस मागितले.

पुढें एकेक दुखणें बाहेर पडूं लागलें. बैठकींत उंदरांनीं पिढ्यान्‌पिढ्या संसार थाटले होते. टाकींतलें पेट्रोल वाळून त्याचा डिंकासारखा थर झाला होता. दोन व्हाल्व्ह गंजून जागच्या जागीं अडकले होते. ते रॉकेल आणि धीर यांच्या बळावर सुटले. एंजिनाच्या आधीं मिस्त्रींनीं ब्रेक दुरुस्त केले. या मोटारीचे ब्रेक तेलाच्या दाबावर चालतात, आणि त्यांतील रबर पार दगड होऊन गेलें होतें. “चालायच्या आधीं थांबतां आलें पाहिजे,” असें ते म्हणाले. आजच्या पेट्रोलांत इथेनॉल मिसळलेलें असतें व तें जुन्या रबरास मानवत नाहीं, म्हणून पेट्रोलच्या नळ्या आणि पंपाचा पडदाहि नवा घातला.

अखेर चावी फिरवितांच विजेचा छोटा पंप टिक्‌टिक् करूं लागला आणि कार्ब्युरेटर भरतांच गप्प झाला. मिस्त्रींनीं हँडल मारलें. पांचव्या खेपेस एक मोठा ठसका देऊन एंजिन धडधडूं लागलें आणि आंत सोडलेल्या तेलाच्या निळ्या धुरानें पडवी भरून गेली. धुरांतून बाहेर येऊन पाहतों तों आत्याबाई दारांत उभ्या. त्या कांहीं बोलल्या नाहींत.

पन्नास वर्षांहून जुन्या मोटारींसाठीं २०२१ सालीं स्वतंत्र नोंदणीचे नियम झाले आहेत. त्या नित्याच्या प्रवासास वापरतां येत नाहींत. म्हणून आम्हीं चांचणीपुरतेच बाहेर पडत होतों. पहिली फेरी मेणवलीपर्यंत झाली. रस्ता सपाट, अंतर थोडें. नाना फडणिसांचा वाडा आणि १७३९ च्या विजयानंतर वसईहून आणलेली ती मोठी घंटा पाहून आम्ही बिनबोभाट परतलों. दुसरी चांचणी घाटाची. पहाटेच निघालों. मी चालवीत होतों, शेजारीं आत्याबाई, मागें मिस्त्री आणि चुलतबंधू.

शाहीर साबळे ज्या गांवीं १९२३ सालीं जन्मले तें पसरणी मागें पडलें आणि चढ लागला. वाई ते पांचगणी हें अंतर अवघें बारा किलोमीटर, पण तेवढ्यांत पांचशे मीटरांहून अधिक उंची गांठावी लागते. या मोटारीस पाणी खेळविणारा पंप नाहीं. तापलेलें पाणी आपोआप वर चढून रेडिएटरमध्यें जातें आणि निवालेलें पाणी खालीं उतरून एंजिनाकडे येतें, एवढीच तिची व्यवस्था. सपाटीवर तें साधतें. घाटांत गति मंद, वारा कमी आणि एंजिनास कष्ट फार.

अर्धा घाट चढलों असूं. आत्याबाई एकाएकीं म्हणाल्या, “पुढच्या वळणावर थांबव. ती तिथें पाणी मागते.” मीं समोर पाहिलें, वाफेचा मागमूस नव्हता. वळणापाशीं पोहोंचलों मात्र, रेडिएटरच्या झांकणांतून वाफेचा लोट उसळला.

चुलतबंधू पाण्याचा डबा घेऊन धांवला. “थांब रे!” आत्याबाई म्हणाल्या. “बाबा आधीं पान लावीत, खात, आणि मग माझ्याकडे डबा मागत.” मिस्त्रींनीं मान डोलावली. तापल्या लोखंडावर थंड पाणी पडलें तर तें तडकतें. एक पान खाण्यास जेवढा वेळ लागतो तेवढा त्यास निवावयास द्यावा लागतो.

त्या अवधींत आत्याबाई बोलल्या. १९४५ सालीं आजीस क्षय झाला आणि तिला पांचगणीच्या एका आरोग्यधामांत ठेवलें. डॉ. रुस्तमजी बिलिमोरियांनीं १९१२ सालीं येथें ‘बेल-एअर’ काढल्यापासून क्षयाचे रोगी या हवेंत येत असत. हवा, विसांवा आणि आहार हेच तेव्हांचे उपाय. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध १९४३ सालीं अमेरिकेंत लागला होता, पण आजीपर्यंत तें औषध पोहोंचलें नाहीं. मुलांस आंत सोडीत नसत, आणि आत्याबाई तर आठ वर्षांच्या.

“आजी मला नेऊं देत नसे,” त्या म्हणाल्या. “लागण होईल म्हणे. मग बाबा सांगत, घाटांत गाडी तापते, डबा धरायला कोणी तरी हवें. असें म्हणून मला घेत. फाटकाबाहेर मी गाडींतच बसून राहीं. आई व्हरांड्यांत येऊन हात वर करी. ही तापत नसती, तर मला आई दिसली नसती.”

कोणी कांहीं बोललें नाहीं. मिस्त्रींनीं फडकें धरून झांकण हळूहळू सोडलें. डबा आत्याबाईंनीं मागून घेतला. दोन्ही हातांनीं धरला, आणि मिस्त्रींनीं त्यांच्या हातांखालीं आपला हात देऊन पाणी ओतलें.

वर गेलों. वळून पाहिलें तों खालीं धोम धरणाचें पाणी पसरलेलें. आजोबांच्या काळीं तेथें नुसती कृष्णेची रेघ होती. सिल्व्हर ओकच्या सांवलींत, जुन्या फाटकासमोर मोटार उभी केली. उतरतां का, म्हणून मीं विचारलें. “नको. इथूनच दिसायची,” असें म्हणून त्या बराच वेळ त्या बाजूस पाहत बसल्या. मग म्हणाल्या, “चल, फिरव.”

दुसऱ्या दिवशीं सकाळीं मागल्या पडवींत खुडबुड ऐकूं आली म्हणून गेलों. चुलतबंधू रेडिएटरमध्यें पाणी भरीत होता. मला पाहून तो जरा ओशाळला.

“मिस्त्री म्हणाले, आठवड्यांतून एकदां तरी सुरू केली पाहिजे,” तो म्हणाला. “मीं मुंबईस कळवून टाकलें आहे.”

यादींत मोटारीपुढें ‘सामाईक’ हा शेरा अद्याप तसाच आहे.