कार्डावरचे आकडे : काही टिपणं

सुरुवातीला ४ असेल तर कार्ड व्हिसाचं. ५१ ते ५५ असेल तर मास्टरकार्डचं. २०१७पासून त्यांची २ने सुरू होणारी मालिकाही चालू आहे. ३४ किंवा ३७ म्हणजे अमेरिकन एक्सप्रेस, आणि तिथे आकडे सोळा नाहीत, पंधराच. आपली रुपे कार्डं बरीचशी ६०, ६५ने सुरू होतात.

०

पहिले सहा आकडे कार्ड देणाऱ्या बँकेचे. बँका वाढल्या, सहा पुरेनात, म्हणून २०१७ साली मानक बदलून ते आठ केले. एका बँकेच्या एका प्रकारच्या हजारो कार्डांवर हे आकडे तेच असतात, आणि ते कुणालाही शोधून मिळतात. म्हणून ‘तुमचं कार्ड अमुक आकड्यांनी सुरू होतं ना? मी बँकेतूनच बोलतोय,’ असा फोन आला, तर पलीकडच्याने काहीही सिद्ध केलेलं नसतं. पेन्शन घेणाऱ्या प्रत्येकाला एवढं तरी कुणीतरी शेजारी बसून समजावून द्यायलाच हवं.

०

शेवटचा आकडा बँक आपल्या मर्जीने देत नाही. तो आधीच्या आकड्यांवरून निघतो. ही रीत हान्स पीटर लुन यांची. जन्माने जर्मन, कामाला आयबीएममध्ये; त्याआधी कापडातले धागे मोजायचं साधन त्यांनी बनवलं होतं. पेटंटचा अर्ज १९५४चा, मंजुरी १९६०ची, आणि त्यात वर्णन आहे ते हातात मावणाऱ्या यंत्राचं.

करून बघावं. प्रोग्रॅमर चाचणीला वापरतात तो क्रमांक : ४१११ ११११ ११११ ११११. उजवीकडच्या दुसऱ्या आकड्यापासून एकाआड एक आकडा दुप्पट करायचा, दुप्पट दोन अंकी आली तर तिचे अंक मिळवायचे. चाराचे आठ, सात एकांचे चौदा, उरलेले आठ एक तसेच. बेरीज ३०. दहाने भाग जातो, क्रमांक बरोबर. आता टाइप करताना पहिले दोन आकडे उलटले, १४११ झालं, तर बेरीज २७. बँकेपर्यंत जायच्या आधीच चूक पकडली जाते.

एकच आकडा चुकला तर तो हमखास सापडतो. शेजारचे दोन उलटले तरी सापडतात, फक्त ०९चे ९० झाले तर नाही : दोन्हीकडे बेरीज नऊच. आधारच्या क्रमांकाला व्हरहॉफ यांची रीत आहे. तिच्यातून हेही सुटत नाही. आधारसाठी ती निवडली हे फार चांगलं झालं.

०

लुनची ही तपासणी हात घसरला तर उपयोगी, चोरापुढे नाही. उलट चोराचं काम तिने हलकंच होतं. पावतीवर शेवटचे चार आकडे छापलेले असतात. पहिले सहा माहीत असले, तर मधले सहा उरतात, म्हणजे दहा लाख शक्यता. लुनच्या कसोटीने त्यांतल्या नऊ लाख बाद होतात. पहिले आठ माहीत असतील तर उरतात फक्त एक हजार. म्हणून मुदतीची तारीख, सीव्हीव्ही आणि ओटीपी, याच खऱ्या जपायच्या गोष्टी.

०

१ ऑक्टोबर २०२२पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार दुकानदारांना कार्डाचा क्रमांक साठवता येत नाही; त्यांच्याकडे राहतं ते टोकन, म्हणजे त्या क्रमांकाच्या जागी दिलेला दुसरा क्रमांक. तेही दिसायला कार्डाच्या क्रमांकासारखंच, लुनच्या कसोटीलाही उतरणारं. पण एका दुकानासाठी काढलेलं टोकन दुसऱ्या दुकानात चालत नाही.