अब्बांची कंबर आणि गुडघा

अब्बा बावीस वर्षांची फौजेची नोकरी करून 2009 साली हवालदार म्हणून निवृत्त झाले. डोंगरातल्या चौकीवर गस्त घालताना घसरून त्यांचा डावा गुडघा मोडला होता. पुढे अनेक वर्षे लंगडत चालल्याने कंबरही धरली. निवृत्तीच्या वेळच्या वैद्यकीय मंडळाने गुडघ्याचे दुखणे नोकरीमुळे झाल्याचे मान्य केले, पण ते धरले फक्त दहा टक्के. कंबर वीस टक्के धरली, पण तिचा नोकरीशी संबंध नाही असा शेरा मारला. अपंगत्व पेन्शनसाठी नोकरीशी जोडलेले किमान वीस टक्के अपंगत्व लागते. त्यामुळे हाती काहीच आले नाही. अब्बांनी केलेले अपीलही दोन ओळींच्या पत्राने फेटाळले गेले.

त्यानंतर अब्बा गप्प बसले. "मुलकाची नोकरी केली, आता दुखण्याचे पैसे मागत फिरू?" असे म्हणायचे. अम्मी म्हणाली, "भीक मागणं वेगळं आणि आपला हक्क मागणं वेगळं. सब्र म्हणजे गप्प बसणं नव्हे."

2015 साली मी त्यांची सगळी कागदपत्रे काढून बसले. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातल्या एका जुन्या सुभेदारांनी आधी एकच गोष्ट विचारली, "भरतीच्या वेळी कंबरेची काही नोंद होती का?" नव्हती. मग त्यांनी सर्वोच्च न्यायालयाचा 2013 चा धरमवीर सिंग निकाल समजावला. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर पुढे झालेला आजार नोकरीमुळेच झाला असे गृहीत धरायचे. तसे नसल्याचे दाखवण्याचा भार सैनिकावर नाही, आणि मंडळाने संबंध नाकारला तर त्याची कारणे द्यायला हवीत. अब्बांच्या कागदावर कारणाची जागा जवळजवळ कोरीच होती.

तरी आम्ही दुवा जोडून दाखवला. अपघाताचा अहवाल, लष्करी दवाखान्यातल्या नोंदी आणि वैद्यकीय श्रेणी खाली आल्याचे आदेश तारखेवार लावले. गावातल्या हाडांच्या डॉक्टरांनी लिहून दिले की, एका पायावर भार टाकून वर्षानुवर्षे चालल्याने कण्यावर ताण येतो. गुडघा नोकरीचा, मग त्याच्यामुळे दुखावलेली कंबर परकी कशी?

सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाने अर्ज मान्य केला. दोन्ही मिळून अपंगत्व तीस टक्के धरले गेले. पन्नासच्या आतले अपंगत्व पन्नास धरण्याची सवलत मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही मिळते, हे राम अवतार प्रकरणात 2014 साली ठरले होते. थकबाकी मात्र अर्जाच्या आधीच्या तीन वर्षांचीच मिळाली. त्यापूर्वीची वर्षे गेली ती गेलीच.

पहिल्या महिन्याच्या पैशांतून अब्बांनी अम्मीच्या डोळ्याचे ऑपरेशन करून घेतले. स्वतःसाठी काय घेतले विचारले, तर म्हणाले, "लेखी मिळालं ना, की ही कंबर फौजेत गेली. बस."

आपल्या घरात कोणी माजी सैनिक असेल, तर त्यांच्या वैद्यकीय मंडळाचा कागद एकदा काढून वाचा. प्रत्येक दुखण्यापुढे काय लिहिले आहे आणि त्याचे कारण दिले आहे का, ते पाहा. नकार आला असेल तर पत्रावरची अपिलाची मुदत आजच बघा. अशा प्रकरणात उशिराची किंमत पेन्शनच्या महिन्यांनी मोजावी लागते.