शाकारणीच्या दिवसांतली भेट

मी लातूर जिल्ह्यातली. आमच्या भागात जुन्या घरात पाऊल टाकताना माणसं अजूनही आधी वर बघतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जन करून गावं निजलेली असताना किल्लारीचा भूकंप झाला आणि आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. धक्क्याइतकाच घात घरांनी केला. ओबडधोबड दगड मातीत रचून उभ्या केलेल्या दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या भिंती आणि डोक्यावर माळवद. माळवद गळू नये म्हणून त्यावर वरचेवर मातीचा नवा थर द्यायचा आणि खालचा जुना तसाच राहू द्यायचा, अशी रीत होती. पिढ्यान् पिढ्या ते ओझं वाढत गेलं. आमचं गाव केंद्रापासून लांब असल्यानं घर पडलं नाही. तरी वडिलांनी ते पुढच्या उन्हाळ्यात उतरवलं. सागवानी खांब विकले, पत्र्याच्या खोल्या बांधल्या. घराघरांतून माणसं गेलेली असताना एका उभ्या घरासाठी कोण रडणार? आम्हीही रडलो नाही.

त्यामुळे दापोली तालुक्यातली एक बाई आपल्या माहेरचं शंभरी ओलांडलेलं घर दुरुस्त करते आहे, हे मोबाइलवर पाहिलं तेव्हा मला आनंदाआधी काळजी वाटली. तिनं वाळवीनं पोखरलेल्या वाशाचा फोटो टाकला होता. लोक ‘किती सुंदर’ म्हणत होते. मी विचारलं, ‘भिंत किती जाड आहे? छपराचं वजन कशावर आहे?’ दुसऱ्या दिवशी तिचं उत्तर आलं. वहीच्या कागदावर पट्टीनं काढलेला घराचा नकाशा, त्यावर प्रत्येक खांब, प्रत्येक तुळई, मापांसकट.

आमची मैत्री त्या कागदापासून सुरू झाली. ती मुंबईतली नोकरी संपवून गावी परतलेली, मी शाळेतून निवृत्त. भावंडांना त्या घरात रस नव्हता म्हणून ते तिच्या वाट्याला आलं. रात्री जेवणं उरकली की तिचे आवाजातले निरोप यायचे. आज सुतार आला नाही, आज चुना भिजत घातला, आज न्हाणीघरामागची भिंत उघडली तर आत मुळं निघाली. मी माझ्या घरातलं सांगायची. पुढं घराबाहेरच्याही सगळ्या गोष्टी येऊ लागल्या: मुलांची लग्नं, तिच्या आईचं जाणं, माझं ऑपरेशन. प्रत्यक्ष मात्र आम्ही एकमेकींना पाहिलं नव्हतं.

मग ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूनं किनाऱ्यावर आलं. दापोली-मंडणगडातल्या माडा-पोफळींच्या बागा आडव्या झाल्या, वीज गेली, फोन बंद पडले. तिचा निरोप येईपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. शेवटी आवाज आला: ‘मी आहे. पुढचं छप्पर उडालं. खांब जागचे हलले नाहीत.’ नव्यानं केलेलं निम्मं काम वाया गेलं होतं. तिनं ते परत उभं करायला घेतलं.

त्यानंतर मी येते म्हणाले, तर ती म्हणाली, “पाहुणी म्हणून यायचं असेल तर दिवाळीत ये. घर बघायचं असेल तर मे महिन्यात ये, शाकारणीला.”

मी मे महिन्यात गेले. लातूरहून पुणे, पुण्याहून घाट उतरून दापोली आणि तिथून आंजर्ल्याच्या गाडीनं. डांबरी रस्ता सुटला की जांभ्याच्या पायऱ्यांची पाखाडी खाली उतरते. दोन्ही बाजूंना गडगे, आत आगर. तिचा आवाज इतका भरदार, की ती अंगापिंडानं थोराड असेल असं मी धरून चालले होते. खळ्यात उभी होती ती माझ्या खांद्याला लागणारी, चुन्यानं बोटं भेगाळलेली बाई. पाण्याचा तांब्या आणि गूळ माझ्या हातात देत म्हणाली, “दमलीस? बस जरा पडवीत. मग तुला भिंत दाखवते.”

तिनं खरंच आधी भिंत दाखवली. घर जांभ्या चिऱ्याचं. चिरा खाणीतून काढताना मऊ असतो, कुऱ्हाडीसारख्या हत्यारानंही तासता येतो. वारा लागला की टणक होत जातो. पण तो पाणी पितो. मधल्या काळात कुणीतरी पडवीच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा केला होता. आत शिरलेल्या ओलीला बाहेर पडायला वाट उरली नाही. गिलावा फुगला, चिरे भुसभुशीत झाले, आणि ओलीच्या वासावर वाळवी तुळईपर्यंत चढली. तिनं तो सगळा गिलावा खरवडून काढला, खराब चिरे बदलले आणि चुन्याचा गिलावा केला. चुन्यातून ओल ये-जा करते, भिंत वाळते. “घर गळतं त्यानं मरत नाही,” ती म्हणाली, “ओल कोंडली की मरतं.”

पडवी, ओटी, माजघर, देवघर, मागची पडवी असं आम्ही फिरलो. जमीन सारवलेली. माळ्यावर जाणारा जिना फणसाच्या लाकडाचा. नवं न्हाणीघर आणि संडास तिनं घराला न चिकटवता बाजूला सिमेंटमध्येच बांधले आहेत. जिथं रोज पाणी पडणार तिथं जुन्याचा हट्ट धरायचा नाही, असं तिचं सरळ मत.

माजघरात आले आणि मी थांबले. प्रत्येक खांब आणि तुळई जिथं मिळते, तिथं दोन्ही बाजूंनी तिरके टेकू बसवलेले होते, लाकडाचे, खुंट्या ठोकून घट्ट केलेले. कोकणातल्या घरात मी ते पाहिले नव्हते. पण ते मला ओळखीचे होते. किल्लारीनंतर तज्ज्ञांनी गावोगावी पाहणी केली तेव्हा एक गोष्ट पुढं आली होती. पुष्कळ घरांत दगडी भिंती ढासळल्या, तरी लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा उभा होता. म्हणून उरलेल्या घरांच्या मजबुतीसाठी काही कामं सुचवली गेली: माळवदावरची जादा माती उतरवा, भिंतीत आरपार जाणारे लांब दगड घाला, भिंतींना चहूकडून बांधणारा पट्टा द्या, आणि खांब-तुळईच्या सांध्यांना तिरके टेकू द्या. त्याची माहिती मी तिला पहिल्या वर्षीच, निव्वळ भीतीपोटी पाठवली होती. ती तिनं वाचली, सुताराला समजावली आणि वादळाच्या आधी सगळ्या सांध्यांना टेकू बसवून घेतले.

मी टेकूवर हात ठेवला. आमच्या मोडलेल्या गावांकडून शिकलेली गोष्ट समुद्रकाठच्या एका घरात कामाला लागली होती. आमचं घर उतरवलं तेव्हा न आलेलं रडू मला तिथं आलं. ती काही बोलली नाही. पदरानं माझा चेहरा पुसला आणि म्हणाली, “चल, कौलं धुवायची आहेत.”

शाकारणी म्हणजे पावसाआधी छपरावरची कौलं उतरवून, तपासून पुन्हा बसवणं. पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या पुढं पडतो अशा मुलखात हे काम टाळून चालत नाही. गडी वरून कौलं देत होते. आम्ही खळ्यात बसून काथ्यानं त्यांवरचं शेवाळ घासत होतो. धुतलेल्या कौलावर बोटाच्या पेरानं टिचकी मारायची. खणखणीत वाजलं तर ते परत वर जातं, बद्द वाजलं तर बाजूला ठेवायचं. वादळानं उडवलेल्या कौलांमधून निवडून वेचलेली जुनी कौलंही त्यात होती. ही मंगलोरी कौलं. बासेल मिशननं मंगळुरात त्यांचा पहिला कारखाना १८६५ मध्ये काढला. त्यांना मागं खाचा असतात, एक दुसऱ्यात अडकतं. तरी वादळानंतर तिनं काठावरची आणि आढ्याजवळची कौलं तारेनं रिपांना बांधून घेतली आहेत, कारण वारा छप्पर उचलतो तो काठापासून.

दुपारी तांदळाची भाकरी, फणसाची भाजी, वर कोकमाचं सार. मी नेलेली ज्वारी आणि शेंगदाण्याची चटणी रात्री. संध्याकाळी शेजारच्या वहिनी आल्या. त्यांनी जुनं घर उतरवून स्लॅब घातला आहे. त्या म्हणाल्या, “आमची पोरं मुंबैला. माकडं कौलं फोडतात. शाकारायला माणूस मिळत नाही. मी एकटी कुणाच्या मागं फिरू?” या प्रश्नाला उत्तर नव्हतं आणि मैत्रिणीनंही ते देण्याचा आव आणला नाही. वाडीतल्या दोन तरुण मुलांना ती सुताराच्या हाताखाली पगारावर ठेवते, एवढंच तिनं सांगितलं. म्हातारा सुतार आहे तोवर त्यांनी हात शिकून घ्यावा, म्हणजे पुढं वहिनींसारखीला निदान बोलवायला माणूस असेल. तिच्या सगळ्या खर्चातला हा खर्च मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

इतक्या वर्षांच्या बोलण्यातून तिची जिद्द मला कळली होती. तिचा संथपणा मात्र तिथं गेल्यावर कळला. घाईनं ती काहीच करत नाही. चुना पुरता भिजल्याशिवाय हात लावत नाही, लाकूड वाळल्याशिवाय चढवत नाही, समोरच्याचं बोलणं संपल्याशिवाय उत्तर देत नाही. आवाजाच्या निरोपांत दोन वाक्यांमधली जी शांतता मला नेटवर्कचा दोष वाटायची, ती तिच्या विचार करण्याची वेळ होती. काम करताना माणूस जसा दिसतो, तसा तो फोनवर कितीही बोलला तरी दिसत नाही.

जुनी घरं सगळीच टिकवावीत असं मी म्हणणार नाही. किल्लारी पाहिलेल्या बाईला ते म्हणता येणार नाही. पण घर पाडण्यापूर्वी एका जाणत्या सुताराला आणि एका अभियंत्याला ते दाखवा. ओल कुठून येते, वजन कुठं जास्त आहे, कोणतं लाकूड अजून खणखणीत आहे, हे आधी पाहा. पाडायचंच ठरलं तर मापं घेऊन, फोटो काढून ठेवा. त्यातलं काही दुसऱ्या एखाद्या घराच्या कामी येईल. आणि न पाहिलेली मैत्रीण घरी बोलावत असेल, तर तिच्या कामाच्या दिवसांत जा आणि हाताला काम मागा.