प्रश्न आधी, प्रोब नंतर

नवा रेसिडेंट पहिल्यांदा सोनोग्राफीच्या मशीनपाशी उभा राहतो तेव्हा प्रोब माझ्या हातात असतो. मी विचारते, "काय शोधायचंय?" "पोट बघतो, मॅडम," असं उत्तर आलं तर प्रोब मिळत नाही. "पोटात रक्त साठलंय का, ते बघतो," असं उत्तर आलं की लगेच मिळतो. समोर पेशंट कण्हत असताना ही चौकशी मुलांना जाचक वाटते, हे मला दिसतं. तरी मी ती सोडत नाही.

रेडिऑलॉजिस्ट एकेक अवयव निगुतीने पाहून अहवाल लिहितात. आमच्या ग्वाल्हेरच्या कॅज्युअल्टीत तेवढी सवड नसते. आग्रा-झाशी महामार्गावर ट्रॅक्टर-ट्रॉली उलटते, चौघं एकदम येतात, त्यातल्या एकाचं बीपी सत्तरच्या खाली गेलेलं असतं. त्याला सरळ ऑपरेशनला न्यायचं, की छातीत नळी घालायची, हे तिथल्या तिथे ठरवावं लागतं. नव्वदच्या दशकात ट्रॉमा सर्जननी याचसाठी 'फास्ट' तपासणी रुळवली. यकृताखाली, प्लीहेभोवती, ओटीपोटात आणि हृदयावरणात, या चार जागी द्रव आहे का, एवढंच बघायचं. पुढे तिच्यात छातीच्या दोन्ही बाजू आल्या. भारतात इमर्जन्सी मेडिसिनला स्वतंत्र पदव्युत्तर शाखा म्हणून मान्यता मिळाली ती २००९ साली. त्यामुळे ही विद्या शिकवणारी आमची जवळजवळ पहिलीच पिढी. आम्ही ती छोटे कोर्स करून, रेकॉर्ड केलेल्या क्लिपा पुन्हा पुन्हा बघून आणि एकमेकांच्या पोटावर प्रोब ठेवून मिळवली.

मुलांना शिकवतानाही मी एकमेकांच्या पोटापासूनच सुरुवात करते. त्यांचे डोळे स्क्रीनवर खिळलेले असतात, माझे त्यांच्या मनगटावर. करंगळी पेशंटच्या अंगावर टेकलेली नसेल तर प्रोब तरंगतो आणि चित्र पळतं. चित्र हरवलं की नवखा हात जोर लावतो. जोराने काही होत नाही, पेशंटला दुखतं मात्र. एका वेळी एकच हालचाल करा, असं मी सांगते. सरकवा, नाहीतर तिरका करा, नाहीतर फिरवा. तिन्ही एकदम केल्या तर चित्र सुधारलं ते कशामुळे, हे हाताला कळत नाही आणि पुढच्या पेशंटला पुन्हा चाचपडावं लागतं. ध्वनिलहरींचा पट्टा पत्त्याइतका पातळ असतो. एका छेदात द्रवाचं काळं दिसलं नाही म्हणून पोट कोरडं ठरत नाही. प्रोब हळूहळू कलवत सगळी जागा विंचरून काढावी लागते.

उजवी बाजू लवकर जमते. यकृत मोठं, त्याच्यातून मूत्रपिंड छान दिसतं, आणि दोघांमधली मॉरिसनची फट दिसली की मुलं खूश होऊन थांबतात. मी म्हणते, अजून खाली. थोडंसं रक्त पुष्कळदा आधी यकृताच्या खालच्या टोकाशी दिसतं. खरा कस लागतो डाव्या बाजूला. प्लीहा लहान, वर आणि बरीच मागे. मुलं प्रोब पोटाच्या समोरच ठेवतात आणि जठरातली हवा बघत बसतात. "हाताची बोटं गादीला टेकली पाहिजेत," हे वाक्य मी इतक्यांदा म्हणते की सिस्टरही आता माझ्याआधी म्हणतात. ओटीपोटासाठी भरलेलं मूत्राशय म्हणजे आयती खिडकी, म्हणून कॅथेटर घालण्याआधी तिथे बघून घ्यायचं. शे-दोनशे मिलिलीटर रक्त बहुधा नजरेला येतच नाही, पोटाच्या मागच्या पडद्याआडचं तर नाहीच. म्हणून पहिल्या वेळी काही दिसलं नाही तर थोड्या वेळाने प्रोब पुन्हा ठेवायचा. पेशंटची नाडी वाढत असेल तर स्क्रीनपेक्षा नाडीवर विश्वास ठेवायचा.

हवेतून या लहरी नीट जात नाहीत, म्हणून सोनोग्राफीने फुप्फुस दिसत नाही, असंच आम्ही एमबीबीएसला शिकलो होतो. फ्रान्समधले डॅनिएल लिश्टेनस्टाइन यांनी हवेमुळे उमटणाऱ्या फसव्या रेघांचाच अर्थ लावला आणि २००८ साली दम लागलेल्या रुग्णांसाठी 'ब्लू' ही पद्धत मांडली. श्वासाबरोबर फुप्फुसाचं आवरण सरकताना दिसलं तर त्या जागी छातीत मोकळी हवा नाही. सरकत नसेल तर असू शकते. या 'असू शकते'वर मी इथे फार वेळ घालवते. शिवपुरी-श्योपुरच्या सहरिया वस्त्यांमध्ये क्षयाचं प्रमाण देशाच्या सरासरीच्या कित्येक पट आहे. जुना क्षय होऊन गेलेल्या छातीत फुप्फुस आवरणाला चिकटलेलं असतं, आणि मोकळी हवा नसतानाही ते हलत नाही. पुस्तकातला अर्धा नियम लावून तिथे नळी घातली तर ती फुप्फुसातच जायची. म्हणून न सरकणारी छाती दिसली की सरकणारा आणि न सरकणारा भाग जिथे मिळतो ती सीमा शोधा, आणि पेशंट स्थिर असेल तर एक्स-रे काढा.

धान्यात ठेवायच्या सल्फासच्या गोळ्या खाऊन आलेली तरुण मुलं हे या भागाचं जुनं दुखणं. त्या विषावर उतारा नाही. हृदय किती जोराने आकुंचन पावतंय हे प्रोब दाखवतो, आणि सलाइनचा वेग त्यावरून ठरतो. हृदय बंद पडलेल्या पेशंटमध्ये तर प्रश्न आधी ठरलेला नसणं घातकच. प्रोबच्या नादात छातीवरचे दाब जास्त वेळ थांबतात, हे अभ्यासांत दिसलं आहे. नाडी तपासायच्या दहा सेकंदांत क्लिप रेकॉर्ड करायची, दाब सुरू करायचे आणि मग क्लिप बघायची.

हे सगळं पुण्या-मुंबईतही असंच शिकवतात. पण मी ग्वाल्हेरच्या थाटीपुरात राहते आणि चंबळच्या अलीकडच्या-पलीकडच्या पेशंटना बघते. २०११ च्या जनगणनेत मुरैना, भिंड आणि ग्वाल्हेर या तिन्ही जिल्ह्यांत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे साडेआठशेही मुली नव्हत्या. त्या नसलेल्या मुलींच्या वाटेवर असाच एक प्रोब होता. गर्भलिंग तपासणीविरुद्ध पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला, केंद्राचा १९९४ साली आला. तो कागदावरच राहतोय असं बघून मुंबईची 'सेहत', पुण्याची 'मासूम' आणि डॉ. साबू जॉर्ज २००० साली सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि २००३ मध्ये कायदा कडक झाला. मशीनची नोंदणी, गरोदर बाईच्या प्रत्येक सोनोग्राफीसाठी एफ फॉर्म, आणि पुढे हलवता येणाऱ्या मशीनवरही बंधनं. शब्दाने, खुणेने, कशानेही लिंग सांगितलं तर तीन वर्षांपर्यंत कैद. हा इतिहास मी प्रोबच्या बटणांइतक्याच गंभीरपणे शिकवते.

अपघातात सापडलेली सात महिन्यांची गरोदर बाई येते तेव्हा आधी आईचं पोट आणि छाती बघायची. मग एकच प्रश्न: बाळाचे ठोके पडताहेत का, आणि किती? एम-मोडवर मिनिटाला ११० ते १६० च्या दरम्यान आकडा मिळाला की प्रोब उचलायचा. वार सुटत असली तरी सोनोग्राफीत ते दिसेलच असं नाही, म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञांना बोलावून ठोक्यांवर नजर ठेवायची, आणि फॉर्म भरायचा. पडद्याबाहेर सासू उभी असते. "मैडम, सब ठीक है न? क्या दिखा?" या 'क्या'मध्ये काय दडलंय ते इथल्या प्रत्येक डॉक्टरला ठाऊक आहे. "धड़कन ठीक है, अम्मा," एवढंच उत्तर, आणि चेहराही तेवढंच सांगणारा. हा चेहरा मी मुलांकडून घटवून घेते.

माझ्या शाखेतले पुष्कळ जण म्हणतात की या कायद्यामुळे मशीन कपाटात राहतं आणि पेशंट जातो. त्यांची तळमळ खोटी नाही. पण कायदा सैल करा, असं हजारामागच्या त्या आकड्यांच्या प्रदेशात राहून मी म्हणणार नाही. अमेरिकेतल्या इमर्जन्सी डॉक्टरांची संघटना प्रत्येक प्रकारच्या तपासणीसाठी जाणकाराने तपासलेले २५ ते ५० स्कॅन मागते. आमची मुलं तेवढे करून बाहेर पडतात. ती जिल्ह्याच्या गावी गेली की हृदय, फुप्फुस आणि पोटातला द्रव एवढ्यापुरती त्यांना वेगळी, नोंदलेली परवानगी सुटसुटीतपणे मिळावी, आणि गर्भाशयाबाबतची बंधनं आहेत तशी राहावीत, एवढं माझं मागणं आहे. आमच्या मशीनवर तोवर मी प्रसूतीचं सेटिंग पहिल्या स्क्रीनवरून काढून टाकलं आहे. बाळाचे ठोके पोटाच्या सेटिंगवरही मोजता येतात.