तिथी, तंगूस आणि जिताडा

शुक्रवार उजाडला की आमच्या ऑफिसात वीकेंड प्लॅन्सचं पेव फुटतं. मॉल, मूव्ही, लोणावळा... माझा नंबर आला की मी म्हणते, 'गरवायला चाललेय.' मग पाच मिनिटं समजावण्यात जातात. गरवणं म्हणजे गळ टाकून मासे पकडणं. जाळं नाही, होडी नाही. रॉड, रील, तंगूस, गरी आणि बादलीभर पेशन्स. आणि हो, मुलीही गरवतात, बॉस!

माझं पाणी म्हणजे रेवदंड्याची खाडी, जिथे कुंडलिका समुद्राला मिळते. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो, पुढे अलिबागमार्गे मामाचं घर. मामाने इथे चाळीस वर्षं गरवलं. आता काचबिंदूने त्याची नजर गेलीये. गरीच्या भोकात तंगूस ओवता येत नाही. त्याला पाण्याचं जे कळतं, ते घरात दुसऱ्या कुणालाच कळत नाही. म्हणून तो सांगतो, मी करते.

पहिला धडा वेळेचा. मोबाइलवर भरतीचं टाइमटेबल मिळतं, पण मामाचं गणित तोंडी. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ हजर. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा डोक्यावर येतो, त्याचाच हा हिशोब. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाण्याला इतकी ओढ असते की शिसं तळाला ठरत नाही आणि पाणीही गढूळ. नवख्याने भांगाचे दिवस धरावेत. पाणी शांत, निवळ.

दुसरा धडा जागेचा. खोल पाण्यात लांबवर गळ फेकला की मर्दुमकी वाटते, पण मासा बहुतेकदा जवळ असतो. ओहोटी लागली की खारफुटीतलं पाणी छोट्या ओहोळांतून बाहेर पडतं. त्याबरोबर कोळंबी आणि बारीक मासळी वाहत येते. जिताडा त्या तोंडाशीच टपून बसतो. पाणी थांबलं की त्याचं खाणंही थंडावतं. तेव्हा आपण डबा उघडावा!

तिसरा धडा हाताचा. जिवंत कोळंबी लावताना डोक्यातला काळा ठिपका टाळायचा, नाहीतर ती लगेच मरते. मी सर्कल हुक वापरते. त्याला झटका द्यायचा नसतो, नुसतं रील गुंडाळत राहायचं. गरी माशाच्या जबड्याच्या कोपऱ्यात बसते, पोटात जात नाही. शिंगाळा लागला तर त्याच्या काट्यांपासून बोटं दूर. ते विषारी असतात.

आणि चौथा धडा, जो मी मामाला दिला. जिताडा जन्मतः नर असतो आणि काही वर्षांनी मादी होतो. म्हणजे खाडीतले मोठे जिताडे बहुतेक अंडी देणाऱ्या माद्याच. मामाने हे ऐकून नुसतं 'हं' केलं. जिताडा म्हणजे रायगडात जावयाचा मान. तो सोडायचा?

गेल्या मार्गशीर्षात माझ्या गळाला जवळपास हातभर लांबीचा लागला. तो दमून काठाशी आला तेव्हा मामा पायऱ्या चाचपत खाली उतरला. आधी हात भिजवले, कारण कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. मग डोक्यापासून शेपटीपर्यंत बोटं फिरवली. सावकाश. मी काहीच बोलले नाही. रात्रीचं कालवण त्याने ठरवायचं होतं.

'सोड तिला,' मामा म्हणाला.

महाराष्ट्राने 2023 मध्ये 54 जातींच्या माशांसाठी किमान मापं ठरवली, म्हणजे लहान मासे वाचावेत. थोरल्यांचं काय करायचं, हे मात्र काठावर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात असतं. आम्ही मधल्या मापाचा एखादाच घरी नेतो. बाकी सगळं पाण्यात.

आता मामाला भेटायला शनिवारची वाट बघावी लागत नाही. रोज रात्री त्याचा फोन येतो, 'आज तिथी कुठली गं?' मी लंच टाइममध्ये पाठ केलेली असते.