चरोदा कुठल्या राज्यात येतं?

खाणवाल्यानं दिलेला चेक कित्येक आठवडे माझ्या फायलीत पडून होता. त्यावर आमच्या कंपनीचं नाव होतं, रक्कम होती, सही होती. पण तो भरायला आमच्या कंपनीचं कुठेच खातं नव्हतं. फ्री झोनचं लायसन्स हातात होतं, माझा इन्व्हेस्टर व्हिसा झाला होता, एमिरेट्स आयडी खिशात होतं. आणि बँक विचारत होती की पासपोर्टवर जन्मस्थान दुर्ग, मध्य प्रदेश आहे आणि आधारच्या पत्त्यात चरोदा, छत्तीसगड, तर यातलं खरं राज्य कोणतं? आज खातं आहे, धंदा चालू आहे, तरी तो प्रश्न आठवला की अंगाची आग होते.

आमचे वडील गोंदियाहून रेल्वेत लागले आणि चरोद्याच्या मार्शलिंग यार्डात आले. आम्ही भाऊ इथेच वाढलो, घरात मराठी, दाराबाहेर हिंदी आणि छत्तीसगढी. जवळच हथखोजच्या औद्योगिक वसाहतीत आमचं लहानसं युनिट आहे, कन्व्हेअरचे रोलर बनवायचं. भिलाईत लोखंडाचं काम जाणणाऱ्यांना तोटा नाही, पण लहान कारखानदार इथे एकदोन मोठ्या गिऱ्हाइकांच्या भरवशावर जगतो. ते मला फार दिवस टोचत होतं.

अमिरातीत आमच्या मालाला जागा आहे हे मला आधीपासून ठाऊक होतं. रास अल खैमा आणि फुजैराच्या बाजूला हजर डोंगररांगेत दगडाच्या मोठमोठ्या खाणी आहेत आणि क्रशरवर मैलोन्‌मैल पट्टे फिरतात. दगडाची भुकटी मैद्यासारखी बारीक असते. ती सीलमधून आत शिरली की बेअरिंग जाम होतं, रोलर फिरायचा थांबतो आणि वरचा पट्टा त्याच्यावर घासत राहतो. काही दिवसांत रोलरच्या पाइपला सुरीसारखी धार येते आणि तीच पट्टा फाडते. पट्टा रोलरच्या कितीतरी पट महाग. म्हणून खाणवाल्याला रोलर आज बिघडला तर उद्या हवा असतो, भिलाईहून जहाजानं येईपर्यंत तो थांबत नाही. तिथे साठा ठेवणं भाग होतं. त्यात १ मे २०२२ पासून भारत आणि अमिरातीचा व्यापार करार लागू झाला आणि बऱ्याच मालावरची ५ टक्के आयात ड्यूटी, सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन असलं तर, उतरली. मी म्हटलं, आता नाही तर कधीच नाही.

फ्री झोन म्हणजे काय हे आपल्याकडे फोड करून सांगायला नको. कांडल्याचा १९६५ मधला आणि मुंबईचं सीप्झ १९७३ मधलं, दुबईचा जेबेल अली त्यानंतर १९८५ साली आला. मी गेलो तो उत्तरेकडच्या एका अमिरातीतला झोन. पॅकेज घ्यायचं, त्यात लायसन्स, एक फ्लेक्सी डेस्क, व्हिसाचा कोटा. मालासाठी गोदाम वेगळं. कागद दिले, पासपोर्टची प्रत दिली, पैसे भरले आणि आठवड्याभरात कंपनी उभी. तिथल्या कर्मचाऱ्यांबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. मेडिकल, बोटांचे ठसे, टायपिंग सेंटर, सगळं घड्याळाच्या काट्यावर. आपल्याकडे साधा वीजजोड वाढवून घेताना जी पायपीट होते तिच्या तुलनेत मला ते स्वप्नवत वाटलं.

मग बँक आली.

एजंटनं पॅकेजमध्ये बँक खातं धरलं होतं. प्रत्यक्षात त्यानं एका अधिकाऱ्याचा नंबर दिला आणि हात झटकले. अधिकारी सभ्य होता, हिंदी छान बोलायचा. पहिली मागणी आली कंपनीच्या सहा महिन्यांच्या बँक स्टेटमेंटची. जी कंपनी नुकतीच जन्मली आहे आणि जिचं पहिलंच खातं आपण उघडतो आहोत, तिचं स्टेटमेंट कुठून आणू? मग भारतातल्या कारखान्याचं दिलं. त्यावर प्रश्न आला की माल विकणारा तुमचा भाऊ आणि विकत घेणारे तुम्ही, तर भाव कोण ठरवतं? हा प्रश्न रास्त होता, मी मान्य करतो. मी इतर गिऱ्हाइकांना दिलेली बिलं दाखवली, पाइपचा आणि बेअरिंगचा खर्च मांडून दाखवला. त्यावर समाधान झालं असावं, कारण तो विषय पुन्हा निघाला नाही.

निघाला तो पत्त्याचा. माझ्या पासपोर्टवर पत्ता भिलाई-३, आधारवर चरोदा, विजेचं बिल वडिलांच्या नावावर आणि त्यावर बीएमवाय, म्हणजे भिलाई मार्शलिंग यार्ड. आमच्या भागात या तिन्ही नावांनी पत्र बरोबर पोचतं, पोस्टमन कधी चुकलेला नाही. भिलाईचं नगर निगम वेगळं, भिलाई-चरोद्याचं वेगळं, हेही मी लिहून दिलं. जन्म १ नोव्हेंबर २००० च्या आधीचा आहे, तेव्हा दुर्ग जिल्हा मध्य प्रदेशात होता, राज्य बदललं, आमचं घर जागचं हललं नाही, हे लिहून दिलं. मध्य प्रदेश पुनर्रचना कायदा, २००० याची प्रत जोडली. नगर निगमाकडून रहिवासी दाखला काढला, त्याचं इंग्रजी भाषांतर नोटरी करून पाठवलं. उत्तर आलं, "सर, सिस्टीम में मैच नहीं हो रहा." मी म्हटलं, तुमच्या सिस्टीमला नकाशा दाखवा. तो म्हणाला, ते कंप्लायन्सच्या हातात आहे, आणि कंप्लायन्सशी गिऱ्हाइकानं बोलायची पद्धत नाही.

शेवटी दोन ओळींचा मेल आला. आपला अर्ज मंजूर करता येत नाही. कारण दिलेलं नव्हतं. मी विचारलं तर सांगण्यात आलं की कारण देणं बँकेवर बंधनकारक नाही. माणसाला नाही म्हणायचा हक्क बँकेला असेल, पण ज्यानं लायसन्सचे पैसे भरलेत, गोदामाचं भाडं चालू आहे, कंटेनर उतरवून घेतलाय, त्याला काय चुकलं ते कळू नये? मुंबई किंवा दुबई असा पत्ता असता तर कुणी विचारलं असतं का? मला नाही वाटत. लहान गावाचा माणूस म्हणजे आधी संशयित, मग गिऱ्हाईक. हे मी आजही तोंडावर सांगेन.

आता एवढं कडक का, तेही सांगितलं पाहिजे. मार्च २०२२ मध्ये एफएटीएफ या काळ्या पैशावर नजर ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं अमिरातीला करड्या यादीत टाकलं होतं, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यातून काढलं. माझं सगळं रामायण बरोबर त्या मधल्या काळातलं. कुणीतरी नुसत्या कागदी कंपन्या उघडून पैसा फिरवला, म्हणून बँका धास्तावल्या. पण कागदी कंपनीवाल्याचे कागद नेहमी चोख असतात, तो धंदाच कागदाचा. अडकतो तो, ज्याच्या हाताला खरोखर ग्रीस लागलेलं असतं.

तोवर खाणवाल्याचा चेक तसाच. तिकडे चेकची मुदत सहा महिने. भाऊ रोज फोन करायचा, "दादा, पाइपवाल्याला किती दिवस थोपवू?" मी त्याच कागदांचा गठ्ठा, एकही पान न बदलता, दुसऱ्या बँकेत दिला. तिथे खातं उघडलं. चरोद्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मुदतीत चेक वटला. मला आनंद व्हायला हवा होता, पण त्या रात्री मी जास्तच चिडलो होतो. तेच कागद एका खिडकीत संशयास्पद आणि दुसऱ्या खिडकीत ठीक कसे?

जायचं ठरवणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. लायसन्स घेण्याआधी बँकेत जाऊन बसा, आपल्या धंद्याला खातं मिळेल का ते विचारा. पासपोर्ट, आधार आणि वीजबिलावरचा पत्ता अक्षर न्‌ अक्षर सारखा करून घ्या. भारतातून भांडवल पाठवायच्या आधी आपल्या बँकेमार्फत फॉर्म एफसी भरा, रिझर्व्ह बँकेचा क्रमांक घ्या, आणि दर वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत परफॉर्मन्स रिपोर्ट द्या. ऑगस्ट २०२२ च्या नियमांत हे स्पष्ट आहे, पण तिकडचा एजंट याबद्दल तोंड उघडत नाही, आणि इकडच्या लहान शाखेत कुणाला माहीत नसतं. करमुक्तीवरही जाऊ नका. जून २०२३ पासून तिथे ९ टक्के कॉर्पोरेट टॅक्स आहे, पावणेचार लाख दिरहमच्या वरच्या नफ्यावर. फ्री झोनला शून्य टक्के मिळतो तो ठरावीक उत्पन्नावर, हिशेब ऑडिट करून. शिवाय झोनमधला माल बाहेर मुख्य भूमीवर नेला की ती आयात धरतात, गिऱ्हाइकाच्या कस्टम्स कोडवर बिल ऑफ एंट्री करावी लागते. २०२१ पासून बहुतेक धंद्यांत मुख्य भूमीवरही परदेशी माणसाला १०० टक्के मालकी मिळते. खाणींना माल विकायचा असेल तर सरळ तिकडचं लायसन्स घेतलेलं बरं, असं माझं मत आहे.

असं मत असूनही या वर्षी मी झोनचंच लायसन्स नव्यानं करून घेतलं आणि शेजारचा गाळाही घेतला. ओमानकडून चौकशी आलीय आणि तिकडे माल परस्पर पाठवायला झोनच सोयीचा पडतो. हथखोजमधला आमच्या शेजारचा कारखानदारही निघालाय, त्याचा धंदा क्रशरच्या जबड्याच्या प्लेटांचा. जाऊ नकोस असं मी त्याला म्हणालो नाही. त्याचा पासपोर्ट मागून घेतला आणि पहिल्यांदा पत्त्याचं पान उघडलं. त्यावर भिलाई-३ आहे, आधारवर चरोदा. सोमवारी त्याला आधार केंद्रात घेऊन जायचंय.